शेवटच्या पानावरही कृ. पा. उ.

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. भाजीवाली 'ताजी आहे' म्हणाली की मी जुडी सोडून आतली पानं बघते. डॉक्टरांनी गोळी दिली की दुसऱ्या डॉक्टरांना विचारते. नवरा म्हणतो, "मेघा, तू प्राध्यापक कशाला झालीस? तुला क्रांती चौकाच्या पोलीस ठाण्यात बसवायला हवं होतं." पण प्राध्यापकाला संशयी स्वभाव किती उपयोगी पडतो हे त्याला काय कळणार! तो बँकेत आहे, तिथं कागदावर सही असली की झालं.

मी ज्या संस्थेत मराठी शिकवते तिच्या एकाच आवारात शाळा आहे, ज्युनिअर कॉलेज आहे, पदवीचे वर्ग, बी.एड. आणि वरच्या मजल्यावर संशोधन केंद्रही आहे. पोर पहिलीत आत शिरलं तर पीएचडी होऊनच बाहेर पडावं अशी सोय. त्यामुळं प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याकडून काय काय 'करून' मागतात ते मला तोंडपाठ आहे. चौथीतल्या पोरानं उपक्रमवही करायची, म्हणजे ती त्याच्या आईनं करायची. दहावीला प्रकल्प, त्याचे गुण शाळेच्या हातात. बारावी सायन्सला प्रयोगांचं जर्नल, त्यावर सरांची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला उभं करत नाहीत. पदवीला कुठलीही शाखा घ्या, पर्यावरणाचा प्रकल्प चुकत नाही. बी.एड.ला पाठाची टाचणं काढायची, ढिगानं. आणि पीएचडीला नाव नोंदवलं की आधी कोर्सवर्क. ते पार पडल्याशिवाय प्रबंधाला हात लावता येत नाही. पायऱ्या वेगळ्या, वह्यांची जाडी वेगळी, पण प्रत्येक ठिकाणी कागदावर एकच वाक्य असतं, 'सदर काम मी स्वतः केले आहे'. ते वाक्य वाचलं की माझे कान टवकारतात.

सहा वर्षांपूर्वी त्या वाक्याखाली मला पहिल्यांदा तो हात दिसला. गोल, सुटसुटीत, ओळीवर नीट बसलेलं अक्षर. काना कुठं लांबला नाही, वेलांटी कुठं घसरली नाही. आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात 'कृ. पा. उ.' म्हणजे कृपया पान उलटा. पूर्वी परीक्षेत मुलं लिहायची तसं. गंमत अशी की हे महाशय शेवटच्या पानावरही कृ. पा. उ. लिहीत. पान उलटावं तर मागं कोरं.

पहिल्यांदा ते कुठं दिसलं हेही सांगून टाकते, नाहीतर पुढं माझ्यावरच कुणी संशय घ्यायचं. ते दिसलं माझ्याच घरात. माझा मुलगा इंद्रजीत तेव्हा दहावीला होता. त्याचा 'आपल्या शहराचा पाणीपुरवठा' हा प्रकल्प टेबलावर होता, आणि त्यातलं एकही अक्षर त्याचं नव्हतं. मी त्याला फैलावर घेतलं. "दुकानातून करून आणला," एवढंच तो म्हणाला. कुठलं दुकान, कोण माणूस, ताकास तूर लागू देईना. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. मी खूप आरडाओरडा केला आणि पालकांच्या जागी सही करून दिली. त्याला वीसपैकी वीस मिळाले. सही करण्याआधी मी त्या पानाचा फोटो मात्र काढून ठेवला.

मग तो हात मला सगळीकडं दिसायला लागला. स्टाफरूममध्ये पडलेल्या जीवशास्त्राच्या जर्नलमध्ये दिसला. बी.ए.च्या पर्यावरणाच्या गठ्ठ्यात तीन वह्यांत दिसला. बी.एड.च्या टाचणवहीत, आणि एकदा तर संशोधन केंद्रातल्या एका मुलीच्या कोर्सवर्कच्या संदर्भनोंदींतही. मी फोटो काढत गेले. मोबाइलमध्ये अकरा फोटो झाले. त्या अज्ञात इसमाला मी मनात 'पानउलट्या' म्हणायचे. औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानामागं तो बसत असणार असा माझा होरा होता. चष्मा, पांढरी मिशी, निवृत्त कारकून. मी गिऱ्हाईक होऊन तिथल्या दुकानांत फिरले. गुलमंडीवर साडी घ्यायला गेले तेव्हा शेजारच्या स्टेशनरीवाल्यालाही हळूच विचारलं, "जर्नल लिहून देणारं कुणी आहे का हो?" तो म्हणाला, "मॅडम, आजकाल पोरं मोबाइलवरून छापून आणत्यात, हातानं कोन लिवतंय?" त्याच्या बोलण्यातही मला पाणी मुरतंय असं वाटलं.

यंदा आमच्या आवारातल्या मुक्त शिक्षणाच्या केंद्राची जबाबदारी माझ्याकडं आली. हे केंद्र रविवारी भरतं. ज्यांचं शिक्षण मधेच सुटलं अशी मोठी माणसं इथं पदवी घेतात. वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवणारा असतो, वाळूजच्या कंपनीतला असतो, तीन मुलांची आई असते. त्यांनी वर्गात रोज बसायचं नाही, पण प्रत्येक विषयाचा गृहपाठ हातानं लिहून द्यायचा. तो मंजूर झाला नाही की त्या विषयाचा निकाल अडकतो. आधीचे संयोजक गृहपाठ न वाचताच गुण द्यायचे, अशी कुजबूज मी ऐकली होती. मी आल्याबरोबर कपाटाला नवीन कुलूप लावलं आणि त्याची किल्ली कुणालाही दिली नाही, कारकुनालासुद्धा नाही.

फेब्रुवारीत तिसऱ्या वर्षाचे गृहपाठ आले. पाचवा की सहावा उघडला आणि मी खुर्चीत ताठ झाले. तोच हात होता. कृ. पा. उ. होतं, शेवटच्या पानावरही. नाव लिहिलं होतं द्वारका सांडू काकडे.

द्वारकाबाई म्हणजे आमच्या मुलींच्या वसतिगृहातल्या मदतनीस. मुली त्यांना मावशी म्हणतात. फर्दापूरजवळच्या खेड्यातल्या, दहावी झाल्या झाल्या लग्न, नवरा लवकर गेला, मग इथं शहरात भाकऱ्या थापायला आल्या त्या सोळा वर्षांपूर्वी. अजून रोजंदारीवरच. डोक्यावरचा पदर, कमरेला फडकं, बोलणं तुटक. केंद्राच्या चहाचा थर्मास त्याच आणायच्या, पण त्यांच्याकडं मी नीट पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. आणि म्हटलं, सापडला! पानउलट्याचं गिऱ्हाईक आयतं माझ्या दारात आलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना बोलावलं. त्या उभ्याच राहिल्या. मी गृहपाठ पुढं केला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच लिवलं की."

"बरं. ग्रामीण समाजातली स्थलांतरं, यावर पाचव्या पानावर काय लिहिलंय, सांगा."

त्यांनी सांगितलं. न अडखळता सांगितलं. वर असंही म्हणाल्या की दाट लोकांतून विरळ लोकांकडं माणूस जात नाय, उलटं जातो, मिठाच्या पाण्याकडं पाणी ओढतं तसं. बी.ए.च्या बाईच्या तोंडी बारावीचं जीवशास्त्र! माझा संशय पक्का झाला. पढवून पाठवलंय, अगदी नीट पढवून.

मग मी मोबाइल काढला. "द्वारकाबाई, मी तुमच्या वाईटावर नाही. मला हा माणूस हवाय. सहा वर्षं शोधतेय मी त्याला." आणि एकेक फोटो सरकवत गेले. पहिला फोटो इंद्रजीतच्या प्रकल्पाचा होता, वर त्याचं नाव आडनावासकट ठळक. तो मी घाईनं सरकवला. जर्नल, टाचणं, कोर्सवर्क. त्या वाकून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त हात पदराआड गेले.

"हा सापडला की मी त्याला सोडणार नाही," मी म्हटलं. "आपल्या संस्थेतला निघाला तर दुसऱ्या दिवशी घरी बसेल. तुम्ही फक्त नाव सांगा. तुमचं काही बिघडणार नाही."

"नाव कामून सांगू? मी लिवलंय."

"मग इथं, माझ्यासमोर चार ओळी लिहून दाखवा."

कोरा कागद दिला. त्यांनी पेन घेतलं, बराच वेळ नुसतं धरलं, आणि मग लिहिलं. काय ते अक्षर! एक ओळ चढतेय, एक उतरतेय, 'क्ष'ची गाठच सुटलेली. चार ओळी संपल्यावर त्यांनी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन टेकवलं आणि झटकन उचललं. तिथं एक निळा ठिपका राहिला. शाईचा डाग, मी समजले.

"झालं सिद्ध," मी म्हटलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

तेव्हा त्या पहिल्यांदा खाली बसल्या. म्हणाल्या, "मॅडम, यंदा गृहपालाची जागा निघतीय वसतिगृहात. संस्थेतल्याच माणसाला द्यायचीय, पण पदवी पायजे आन् वय पंचेचाळीसच्या आत. मला चव्वेचाळीस सरत आलंय. ह्ये वरीस गेलं तर मग लई झालं, मग भाकरीच."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मी सोडलं असतं तर मग मी कसली. तरी आठ दिवस दिले. "तुमच्या अक्षरात, वेडंवाकडं असू द्या, पण तुमच्या स्वतःच्या हातानं पुन्हा लिहून आणा. मी मंजूर करीन. किंवा त्या माणसाचं नाव लिहून द्या."

"माज्याच हातानं?"

"तुमच्याच."

त्या उठून गेल्या. थर्मास तिथंच विसरल्या.

ते आठ दिवस मी वसतिगृहावर डोळा ठेवून होते. पानउलट्या आता घाबरून येईल-जाईल, असा माझा अंदाज होता. दुपारी दोन ते चार मुली वर्गात असतात तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून दोनदा तिकडं गेले. कुणी पुरुष आला नाही, गेला नाही. कोठीघराशेजारच्या खोलीत द्वारकाबाई खिडकीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या होत्या, मान खाली. तांदूळ निवडत असतील म्हणून मी परत फिरले.

आठव्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर गृहपाठ होता. द्वारकाबाई ठेवून गेल्या होत्या. मी उघडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच हात! तेच गोल अक्षर, तीच वेलांटी, उलट पहिल्यापेक्षाही देखणं. ही बाई मला काय समजते? मी तिची सुटका करायला बसलेय आणि ही पुन्हा त्याच माणसाकडं जाते? लाल पेनाचं टोपण मी काढलंसुद्धा. 'नामंजूर' लिहायचं ते शेवटच्या पानावर, उत्तर संपतं तिथं, म्हणून पानं उलटत गेले. शेवटचं पान आलं. उजव्या कोपऱ्यात कृ. पा. उ.

सहा वर्षांत अकरा वेळा मी ते पान उलटून पाहिलं होतं आणि अकरा वेळा मागं कोरं निघालं होतं. तरी सवय जात नाही. मी उलटलं.

मागं लिहिलेलं होतं.

"मेघा मॅडम यांस. तुम्ही दाखवलेल्या फोटोंमधले सर्व काम माझ्या हातचे आहे. पहिलासुद्धा. मुली वर्गात जायच्या, दुपारी मला वेळ असायचा. मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. ज्या पुस्तकातून उतरवायचे ते पुस्तक आठ दिवस माझ्याकडे ठेवायचे, एवढेच ठरलेले असायचे. बारावीचे, बी.एड.चे, सगळे मी असेच वाचले. मुलांची नावे मी सांगणार नाही, त्यांना आता नोकऱ्या लागल्या आहेत. मी चूक केली. त्या दिवशी तुमच्यासमोर मुद्दाम वाईट लिहिले. घरी येऊन तसेच सगळे लिहायला बसले होते, दोन पाने लिहिली आणि फाडली. इतकी वर्षे दुसऱ्याच्या नावाने चांगले लिहिले, माझ्या नावाने वाईट लिहवेना. आता तुम्हाला योग्य वाटेल ते करा. द्वारका सांडू काकडे."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना चूक शोधत होते, दुसऱ्यांदा डाव शोधत होते. तिसऱ्यांदा 'पहिलासुद्धा' या शब्दापाशी थांबले. म्हणजे त्या दिवशी मी घाईनं सरकवलेला फोटो त्यांनी पाहिला होता. इंद्रजीतचं नाव वाचलं होतं. मी त्यांची नोकरी घालवायची भाषा करत होते तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करायची सोय त्यांच्यापाशी होती, आणि त्या मुकाट्यानं वेड्यावाकड्या ओळी लिहीत बसल्या. मला इतकी लाज वाटली की मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

इंद्रजीतला फोन केला. तो आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. "तुझा दहावीचा प्रकल्प कुणी लिहिला होता?" मी विचारलं. "आई, अजून तेच? सायन्स शिकवायला येणाऱ्या ताईनं वसतिगृहातल्या कुणा मावशींकडून लिहून आणला होता. दुकान म्हटलं म्हणून तू लवकर गप्प बसलीस." आणि हसला. मला हसू आलं नाही.

आता काय करायचं? कबुली पानाच्या मागं होती आणि पुढं शेवटचं उत्तर होतं. पान फाडलं तर उत्तर जातं आणि गृहपाठ अपुरा राहतो. न फाडावं तर पुढंमागं कुणी उलटलं की द्वारकाबाई संपल्या. नियमानं मी हा कागद संस्थेला द्यायला हवा होता. पण त्या गृहपाठात जे लिहिलं होतं ते त्यांनी स्वतः केलं होतं. माझ्या साऱ्या गठ्ठ्यात 'सदर काम मी स्वतः केले आहे' हे वाक्य छातीठोकपणे खरं होतं असा तो एकच असेल कदाचित. पहिल्या पानावर मी एकोणीस गुण दिले आणि संयोजक म्हणून सही केली. मग शेवटचं पान उलटलं आणि त्यांच्या सहीखाली लाल शाईनं लिहिलं, "वाचले. पहिल्या कामावर पालक म्हणून सही माझी आहे. मेघा, इंद्रजीतची आई."

वर विद्यापीठाकडं फक्त गुण जातात. गठ्ठे वर्षभर केंद्राच्या कपाटात राहतात आणि मग रद्दीत. हे मला माहीत होतं, तरी पुढचे चार महिने माझी झोप उडाली. कारकून कपाटाकडं गेला की मी मान वर करायची. कार्यालयातून फोन आला की तो उचलण्याआधी मी कुलूप ओढून पाहायची. शिपाई माझ्याकडं बघून का हसला, प्राचार्यांनी आज नमस्कार का केला नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांवर संशय घेतला, पण ज्याच्यावर घेतला जाऊ शकतो त्याचं जिणं कसं असतं ते मला कळलं नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. द्वारकाबाई पास झाल्या. जुलैत त्यांना गृहपालाची जागा मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये दुपारी सगळ्या मुलींना जर्नलं घेऊन बसवायला सुरुवात केली, असं कानावर आलं. मुली कुरकुरत होत्या म्हणे, मावशी आता बदलल्या म्हणून.

एका रविवारी त्या केंद्रात आल्या. या वेळी थर्मास नव्हता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. म्हणाल्या, "मॅडम, माजा गृहपाठ येकदा बघू द्या की. बाकीच्यांचं मार्क बघितले, माजं कवा बघितलंच नाय."

मी कपाट उघडून काढून दिला. त्यांनी आधी पहिलं पान पाहिलं. "येक कुठं गेला?"

"वीसपैकी वीस मी कुणाला देत नाही." आणि मग इतक्या दिवसांचं मनातलं विचारलं. "द्वारकाबाई, शेवटच्या पानावर कृ. पा. उ. कशासाठी? मागं तर काही नसायचं."

"आमच्या गावाकडं सातवीची परीक्षा हुती. मी पानाच्या दोनी बाजूंनी लिवलं. तपासणाऱ्या गुर्जींनी पान उलटलंच नाय. अर्धा पेपर गेला, नंबर गेला. तवापासून समद्या पानावर लिवते. शेवटच्या बी लिवते, काय सांगावं, कोन उलटंल कोन नाय." एवढं बोलून त्यांनी पानं चाळली आणि शेवटचं पान उलटलं. लाल शाईपाशी त्यांची नजर थांबली. ओठ हलत होते, त्या एकेक शब्द वाचत होत्या.

"ह्ये कामून लिवलं?" त्यांचा आवाज बारीक झाला. "कुनी बघितलं म्हंजे?"

"कुणी उलटत नाही म्हणता ना तुम्ही."

"तसं कसं, उलटत्यात की," त्या म्हणाल्या. "तुमी नाय का उलटलं?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मीही चष्मा काढून उगाच काचा पुसल्या. मग गृहपाठ गठ्ठ्यात ठेवला, गठ्ठा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि सवयीनं दोनदा ओढून पाहिलं. किल्ली द्वारकाबाईंच्या हातात दिली. त्यांनी काही न विचारता ती आपल्या जुडग्यात अडकवली.